विखुरलेल्या उजेडानं शरीर मोजणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लॅबमध्ये मोजमापासाठी जे लोक येतात, आणि त्यांच्यासोबत जे काका-काकू बाहेर बाकावर बसून असतात, ते जे जे विचारतात ते मी एका वहीत लिहून ठेवत गेलो. वही भरली तेव्हा वाटलं की एकदा नीट बसून सगळ्यांची उत्तरं लिहावी. क्रम वहीतलाच ठेवला आहे, थोडा इकडचा तिकडे झाला असेल.

तुम्ही नेमकं करता काय?

कातडीवर उजेड सोडतो. तो आत जातो, आत भरकटतो, आणि भरकटून भरकटून त्यातला जो थोडासा परत बाहेर येतो तो गोळा करतो, आणि त्यावरून आत रक्त किती आहे, त्यात ऑक्सिजन किती, ते किती जोरात वाहून राहिलं आहे, पेशींची ठेवण कशी आहे याचा हिशोब लावतो. सुई नाही, एक्सरे नाही, पोटात काही घ्यायचं नाही.

विखुरणं म्हणजे काय? आरशावरून उजेड परत येतो तसंच ना?

नाही. आरशावर उजेड एकदाच आपटतो आणि ठरलेल्या दिशेनं परततो. शरीरात तो हजारो वेळा आपटतो. डिसेंबरात पहाटे वर्धा रोडवर धुकं असते तेव्हा समोरच्या ट्रकचा हेडलाइट दिसत नाही, नुसता पांढरा गोळा दिसतो, तसं समजा. उजेड कुठं गेलेला नसतो, सगळा तिथंच असतो, पण धुक्याच्या थेंबाथेंबावर दिशा बदलून आलेला असतो. दुधाचंही तेच, पाण्याला रंग नाही आणि दुधातल्या चरबीच्या बारीक थेंबांनाही पांढरा रंग नाही, पण इतके कण उजेडाला इतक्या वेळा वळवतात की सगळेच रंग मिसळून परत येतात आणि आपल्याला दूध पांढरं दिसते.

शरीरात हे काम पेशींचं आवरण, पेशीच्या आतलं केंद्रक, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया, कातडीला घट्ट धरणारे कोलॅजेन या प्रोटीनचे धागे हे सगळे मिळून करतात. साधारण आकडा सांगायचा तर दर ०.१ मिलिमीटरला उजेडाचा कण कशाला तरी लागून थोडा वळतो. बहुतेक वेळा वळण थोडंसंच असते, पुढेच जातो, पण असे दहाएक वेळा झालं की, म्हणजे १ मिलिमीटरच्या आसपास, तो मूळ कुठल्या दिशेनं निघाला होता याचा पत्ता राहत नाही. त्यानंतर तो दिशाहीन फिरतो.

घरी करून बघा. रात्री लाइट बंद करा, मोबाईलचा टॉर्च बोटाला चिकटवून धरा. बोट लालभडक उजळते, पण हाड दिसते का? नाही दिसत. हाड तर आत आहेच, सावली पडायला हवी होती. उजेड हाडाच्या चहूबाजूंनी आणि हाडातूनही भरकटून येतो म्हणून सावली पुसली जाते. संत्र्यावर करून बघा, अख्खं संत्रं कंदिलासारखं पेटते पण फोडी काही मोजता येत नाहीत. आमचं सगळं काम या दोन प्रयोगात आहे. पुसलेल्या चित्रातून हाड कुठं, फोड कुठं, हे परत शोधून काढायचं.

बोट लालच का दिसते, टॉर्च तर पांढरा असतो?

कारण निळा आणि हिरवा उजेड हिमोग्लोबिन खाऊन टाकते, लाल वाचतो. उजेडाचा रंग नॅनोमीटरमध्ये सांगतात, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर हा पट्टा असा आहे की त्याच्या खाली रक्त उजेड शोषून घेते आणि त्याच्या वर गेलं की पाणी शोषायला लागते, मधल्या पट्ट्यात दोघंही जरा सैल सोडतात. यातला बराचसा भाग डोळ्याला दिसतच नाही, त्याला निअर इन्फ्रारेड म्हणतात. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की या पट्ट्यातला उजेड कवटीतून आत जाऊन मेंदूतल्या ऑक्सिजनची खबर घेऊन बाहेर येतो. तिथून ही गाडी खरी सुटली. उजेडानं आरपार बघण्याची कल्पना तशी फार जुनी, लंडनच्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी १८३१ मध्ये डोक्यात पाणी झालेल्या एका रोग्याच्या डोक्यामागे मेणबत्ती धरून उजेड पलीकडे येतो हे लिहून ठेवलं होतं. पण त्यांना तो नुसता दिसला, मोजायचं साधन हाताशी नव्हतं.

शिरा मग निळ्या का दिसतात? रक्त तर लाल आहे.

शिरेतलं रक्त निळं नसतेच, गडद लाल असते. लाल उजेड खोल जातो आणि शिरेपर्यंत पोचून तिथं थोडा शोषला जातो, निळा उजेड कातडीच्या वरच्या थरातूनच विखरून परत येतो. म्हणून शिरेवरच्या कातडीतून परत येणाऱ्या उजेडात आजूबाजूच्या मानानं लाल कमी पडतो, आणि डोळा त्याला निळसर समजतो. हा पण विखुरण्याचाच खेळ.

किती खोलवर दिसते?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर थोडं विचित्र आहे. उजेड सोडणारं टोक आणि उजेड पकडणारं टोक यात अंतर किती ठेवलं त्यावर खोली ठरते. दोन्ही जवळ ठेवले तर फक्त वरवरचा उजेड मिळतो. ३ सेंटिमीटर लांब ठेवले तर जो उजेड तिथवर पोचतो तो साधारण १ ते दीड सेंटिमीटर खोल डुबकी मारून आलेला असतो. त्या सगळ्या रस्त्यांचा नकाशा काढला तर आकार केळ्यासारखा येतो, दोन टोकं कातडीवर आणि पोट आत, आणि या विषयातले लोक त्याला सरळ केळंच म्हणतात. अंतर आणखी वाढवलं तर खोली वाढते पण उजेड इतका कमी होतो की डिटेक्टरला, म्हणजे उजेड पकडणाऱ्या टोकाला, फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, एकेक मोजून घ्यावे लागतात.

आणि हे ऐका, प्रौढ माणसाच्या कपाळावर ३ सेंटिमीटर अंतर असलं तरी उजेड प्रत्यक्षात चालून येतो सरासरी १८ सेंटिमीटर, म्हणजे सहापट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डेव्हिड डेल्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हा जादा रस्ता हिशोबात कसा धरायचा ते दाखवलं. त्याच्या आधी लोक शाळेतला तो रंगीत पाण्याच्या बाटलीचा नियम (रंग जितका दाट आणि रस्ता जितका लांब तितका उजेड जास्त शोषला जातो) जसाच्या तसा लावायला बघत, पण बाटलीत उजेड सरळ जातो आणि माणसात जात नाही, मग किती रंग शोषला ते कळलं तरी तो किती लांबीत शोषला हे कळल्याशिवाय उत्तर निघणार कसं?

काही मशीन उजेडाला आत जाऊन यायला किती वेळ लागला हेच मोजतात. शरीरात उजेड एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जवळपास २१ सेंटिमीटर जातो, त्यावरून रस्त्याची लांबी थेट मिळते. ती मशीन महाग असतात.

बोटाला लावतात ते ऑक्सिमीटर पण असंच चालते का?

हो, तुम्ही सगळ्यांनी हे तंत्र वापरलेलं आहे, नाव माहीत नसेल फक्त. बोटाच्या एका बाजूला दोन एलईडी असतात, एक लाल, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, आणि दुसरा न दिसणारा ९४० चा. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड जास्त जाऊ देते, ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन तो जास्त अडवते, ९४० ला उलट होते. दोन्हीचं गुणोत्तर काढलं की टक्केवारी येते.

पण बोटात नुसतं धमनीतलं रक्त थोडंच असते, कातडी आहे, हाड आहे, नख आहे, शिरेतलं रक्त आहे. धमनीतलं वेगळं कसं काढायचं? इथं जपानचे ताकुओ आओयागी यांची गोष्ट मला दर वेळेस सांगावी वाटते. ते निहोन कोहदेन कंपनीत होते आणि हृदय किती रक्त फेकते ते मोजायला रक्तात रंगद्रव्य सोडून उजेडानं त्याचा माग काढत होते. नाडीच्या ठोक्यामुळे त्यांचा आलेख सारखा हलायचा. तो हलणारा भाग काढून टाकायच्या मागे असतानाच त्यांच्या लक्षात आलं की हलतो तो भाग फक्त धमनीतल्या रक्ताचा आहे, बाकी सगळं स्थिर, म्हणजे आपल्याला पाहिजे ते यातच आहे. १९७४ मध्ये त्यांनी हे जगासमोर ठेवलं. २०२० च्या एप्रिलमध्ये ते गेले, नेमकं जेव्हा घराघरात हे मीटर पोचायला लागलं तेव्हा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नाला लागणार आहे. गुणोत्तरावरून टक्केवारी काढायचा तक्ता नुसत्या गणितातून येत नाही, कारण विखुरणं इतकं किचकट आहे. तो तक्ता माणसांवरून बनवतात. निरोगी लोकांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासातून देऊन, त्यांच्या धमनीतलं रक्त काढून तपासून, मीटरचा आकडा त्याच्याशी जुळवतात. म्हणजे मीटर जे बोलते ते त्या तक्त्यातल्या माणसांच्या भरवशावर बोलते.

माझा रंग सावळा आहे, मग आकडा चुकेल का?

खरं सांगतो, याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात, जो बहुतेक ठिकाणी कागदाएवढा पातळ, ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यात कातडीला रंग देणारं मेलॅनिन असते. ते उजेड शोषते, आणि सगळे रंग सारखे शोषत नाही, निळा सगळ्यात जास्त, लाल त्यापेक्षा कमी, इन्फ्रारेड आणखी कमी. म्हणजे मेलॅनिन उजेड नुसता मंद करत नाही, लाल आणि इन्फ्रारेडचा तोलच बदलते. स्थिर भाग म्हणून तो हिशोबातून निघून जायला पाहिजे असं कागदावर दिसते, पण एलईडी काही एकाच अचूक रंगाचा उजेड देत नाही, थोडा पसरट देतो, आणि त्या पसाऱ्यातला कुठला भाग आत पोचेल हे कातडी ठरवते.

२०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आकडे छापले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त तपासलं तर ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला अशी प्रकरणं कृष्णवर्णीय रोग्यांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के. तिप्पट फरक. आणि तिथल्या औषध नियामकाची २०१३ ची सूचना बघितली तर मीटरच्या चाचणीत गडद कातडीचे कमीत कमी २ जण किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते, एवढीच अपेक्षा होती. दोन जण! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन वाचलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरी बाबांना कोरोना झाला होता. मीटर ९५ दाखवून राहिलं होतं आणि मी तो आकडा धरून बसलो, आई म्हणत होती अरे त्यांचे ओठ बघ, बोलताना दम लागून राहिला, चल घेऊन जाऊ. नेलं, धमनीतलं रक्त तपासलं तर ऑक्सिजन बराच कमी. बाबा वाचले, आईमुळे वाचले. मीटर हलकं होतं की बाबांची उन्हात राबलेली कातडी आडवी आली की बोट नीट बसलं नव्हतं, ते आज कोणी सांगू शकत नाही, आणि मी ते कोणावर ढकलतही नाही. पण तेव्हापासून कुठल्याही उजेडाच्या मशीनला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की तुझ्या तक्त्यात कोणाची कातडी आहे.

म्हणून आम्ही प्रत्येकाच्या हाताची आतली बाजू आणि बाहेरची बाजू, दोन्ही मोजतो. रक्त तेच, हृदय तेच, फक्त बाहेरची बाजू उन्हात काळवंडलेली आणि आतली उजळ. शेतावर काम करणाऱ्या माणसात हा फरक कधी कधी इतका असतो की दोन वेगळ्या माणसांचे हात वाटावेत. मशीननं दोन्हीकडे ऑक्सिजन सारखाच सांगायला हवा. नाही सांगितला तर चूक मशीनच्या हिशोबात आहे, तुमच्यात नाही. कातडीच्या रंगाचे जे सहा प्रकार जगभर वापरतात ते १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक या कातडीच्या डॉक्टरांनी ऊन लागल्यावर कातडी किती भाजते यावरून पाडायला सुरुवात केलेले आहेत, आपल्याकडचे बहुतेक लोक त्यातल्या दोन-तीन खान्यांतच कोंबले जातात, त्यामुळे आम्ही खाना न लिहिता मेलॅनिनही उजेडानंच मोजतो आणि आकडा लिहितो. सावळ्या लोकांनी जास्तीत जास्त यावं, हे मी मनापासून सांगतो.

पट्ट्यानं हात आवळता ते कशासाठी?

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. दंडाला बीपीचा पट्टा बांधून काही मिनिटं रक्त थांबवतो आणि खाली हाताच्या पुढच्या भागावर प्रोब, म्हणजे उजेड सोडणारं आणि पकडणारं टोक, असतो. स्क्रीनवर दोन रेषा, तांबडी म्हणजे ऑक्सिजनवालं रक्त, निळी म्हणजे ऑक्सिजन सोडलेलं. पट्टा फुगला की तांबडी हळूहळू उतरायला लागते आणि निळी चढायला लागते, कारण स्नायू आतला साठा खात राहतात आणि नवीन काही येत नाही. हात जड होतो, मुंग्या येतात. मग पट्टा सोडला की तांबडी एकदम उसळते, पहिल्यापेक्षाही वर जाते आणि मग सावकाश जागेवर बसते. ती उसळी किती झपाट्यानं आली यावरून बारीक रक्तवाहिन्यांची तब्येत कळते.

मागे एक आजी आल्या होत्या, नातवासोबत, काटोलकडच्या. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. प्रोब लावला तर उजेड परत यायलाच तयार नाही, गोंदणाची शाई सगळा पिऊन टाकत होती. दोन बोटं बाजूला सरकवला तिथं तुळशीवृंदावन, आणखी सरकवला तिथं ठिपके. शेवटी कोपराच्या खाली रुपयाएवढी कोरी जागा सापडली. पट्टा सोडल्यावर तांबडी रेष उसळली तशा आजी म्हणाल्या, "आलं का माझं रगत परत?" त्यांना आलेख समजावून सांगायची काही गरज उरली नव्हती.

रक्त वाहते की थांबलं ते उजेडाला कसं कळते?

लेझर कातडीवर पाडला की विखरून आलेल्या उजेडात बारीक काळे-पांढरे ठिपके दिसतात, रांगोळी सांडल्यासारखे. कण स्थिर असले तर ठिपके स्थिर, लाल पेशी पळत असल्या की ठिपके लुकलुकतात. जितकं रक्त जोरात तितकी लुकलुक जलद. डेव्हिड बोआस आणि अर्जुन योध यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९० च्या दशकात हे खोल ऊतींसाठी बसवलं. त्याच विद्यापीठातले ब्रिटन चान्स हे या विषयाचे आजोबाच म्हणा, ९० पार केल्यावरही काम करत होते, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी शिडाच्या बोटीच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं होतं.

रमण इफेक्ट म्हणजे हेच का? रमण नागपुरात होते म्हणतात.

होते, सरकारच्या फायनान्स खात्यात अधिकारी असताना १९१० च्या सुमारास काही काळ त्यांची पोस्टिंग नागपुरात होती. शोध मात्र कोलकात्याचा, २८ फेब्रुवारी १९२८, नोबेल १९३० चं. गांधीसागरजवळच्या विज्ञान केंद्राला नाव त्यांचंच आहे.

पण आम्ही बहुतेक वेळा जे मोजतो त्यात उजेडाचा रंग बदलत नाही, फक्त दिशा बदलते. रमण इफेक्टमध्ये रंगच किंचित बदलतो, कारण उजेड रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो, आणि किती बदलला यावरून तो रेणू कोणता ते ओळखता येते, चरबी की प्रोटीन की आणखी काही. अडचण एवढीच की असा उजेड कोटी कणांत एखादाच. कॅन्सरचं ऑपरेशन करताना गाठ कुठं संपते आणि चांगला भाग कुठं सुरू होतो हे ओळखायला जगभर यावर संशोधन चालू आहे.

खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडात उजेड टाकून काय बघतात?

आपल्या इकडे हा प्रश्न साधा नाही. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, आणि सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या कातडीखाली कोलॅजेनचे धागे साचत जातात, ती पांढुरकी आणि ताठ होते, हळूहळू तोंड उघडत नाही. त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. कोलॅजेन वाढलं, रक्त कमी झालं, वरचा थर बदलला, पेशींची केंद्रकं फुगली, की परत येणाऱ्या उजेडाची घडण बदलते. तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनी यासाठी ५४० आणि ५७५ नॅनोमीटरच्या आसपास हिमोग्लोबिनमुळे परत आलेल्या उजेडाच्या आलेखात ज्या दोन खाचा दिसतात त्यांचं गुणोत्तर तपासून पाहिलं होतं. फायबर, म्हणजे उजेड नेणारा बारीक धागा, गालाच्या आत टेकवायचं, काही सेकंदात वाचन. पण याच्यावर निदान अजून होत नाही, तुकडा काढून तपासणं हेच पक्कं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत भरत नसेल, तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर कोणत्याही लॅबची वाट न बघता दंतवैद्याकडे जा.

नवजात बाळाच्या कपाळाला जे टेकवतात ते काय?

काविळीचं मीटर, तेही याच घरातलं. काविळीत कातडी पिवळी करणारं बिलिरुबिन ४६० नॅनोमीटरच्या आसपास निळा उजेड शोषते, ते कपाळावर किंवा छातीवर टेकवून किती निळा परत आला ते बघते. टाचेला टोचणं त्यामुळे कमी झालं. आकडा जास्त आला तर रक्त तपासतातच, आणि बाळ फोटोथेरपीच्या निळ्या लाइटखाली ठेवलेलं असेल तर कातडीतलं बिलिरुबिन आधी उतरते आणि हे मीटर फसू शकते.

डोळ्याचा ओसीटी स्कॅन पण यातलाच का?

लांबचा भाऊ. हा स्कॅन डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवतो. तो भरकटलेला उजेड टाकून देतो आणि एकदाच आपटून सरळ परत आलेला तेवढाच निवडून घेतो. म्हणून चित्र एकदम बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, पण कातडीसारख्या ठिकाणी खोली १-२ मिलिमीटरच. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या गटानं हे दाखवलं.

हा उजेड घातक आहे का? रेडिएशन असते का?

एक्सरेसारखं नाही, या उजेडात रेणू तोडण्याएवढी ऊर्जा नसते. आम्ही जो वापरतो तो काही मिलिवॉटचा. कातडीला ऊबसुद्धा जाणवत नाही. डोळ्याची गोष्ट वेगळी, इन्फ्रारेड दिसत नाही म्हणून पापणी आपोआप मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो उजेड पडद्यावर एकवटते. म्हणून प्रोब कातडीला टेकल्याशिवाय लेझर चालू होत नाही आणि कपाळावर मोजताना चष्मा देतो. तो काढू नका, लहान मुलांना तर बिलकुल काढू देऊ नका.

माझ्या मनात काय चालू आहे ते कळेल का?

नाही. मेंदूचा एखादा भाग काम करायला लागला की काही सेकंदात तिथं रक्त जास्त येते, तेवढंच दिसते. मनातल्या मनात पाढे म्हटले तर कपाळामागे हालचाल दिसेल, पण सतराचा पाढा की एकोणिसाचा ते नाही दिसणार. प्रोब टोपीत बसवलेले असतात आणि ती घालून हालचाल करता येते म्हणून तान्ह्या बाळांवर हे फार उपयोगी पडते, एमआरआयमध्ये बाळ कुठं शांत झोपणार.

सिकलसेल असेल तर यावं का?

जरूर यावं, आधी सांगून यावं. विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला सांगायला नको. यात पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बोटावरचं ऑक्सिमीटर या लोकांत कधी कधी खऱ्यापेक्षा वेगळं सांगते, पण मेंदूत आणि स्नायूत ऑक्सिजन किती पोचतो आणि रक्त कसं वाहते हे विखुरलेल्या उजेडानं बघता येते, आणि सिकलसेलच्या मुलांमध्ये यावर काम होऊन राहिलं आहे. पट्टा आवळायची चाचणी मात्र आम्ही त्यांच्यावर करत नाही. अंग दुखायला लागलेलं असेल तर त्या दिवशी येऊच नका, दवाखान्यात जा.

टेबलावर दुधासारखं पातेलं कशाला ठेवलं असते?

ते रोज सकाळचं काम. शिरेतून पोषण देण्यासाठी चरबीचं जे पांढरं सलाइन असते ते पाण्यात ठरलेल्या मापात मिसळतो, त्यात थोडी काळी शाई. चरबी उजेड विखुरते, शाई शोषते, आणि दोन्हीचं माप आपल्याला माहीत. मशीननं तेच माप परत सांगितलं तर त्या दिवशी माणसाला हात लावायचा. याला फँटम म्हणतात. सुरुवातीला आम्ही पाकिटाच्या दुधावरही करून पाहिलं, पण दुधात फॅट रोज तेवढंच निघेल याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासते.

मे महिन्यात मोजमाप बंद का ठेवता?

बाहेर ४५ अंश असताना लॅबचा एसी लाइट गेल्यावर बंद पडला की अर्ध्या तासात सगळं हातातून जाते. लेझर डायोड गरम झाला की त्याचा रंग सरकतो, दर अंशाला ०.३ नॅनोमीटरच्या आसपास. डिटेक्टर अंधारातही खोटे फोटॉन मोजायला लागतो, तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की ते दुप्पट. आणि माणूस स्वतः बदलतो, उन्हातून आलेल्याच्या कातडीत रक्त भरून आलेलं असते, अंगातलं पाणी कमी झालेलं असते. एका वर्षी मे महिन्यातली सगळी मोजमापं आम्हाला बाजूला ठेवावी लागली, लोक इतक्या उन्हात दुचाकीवर आले होते आणि ते सगळं वाया गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून जून लागून पाऊस पडेपर्यंत फक्त फँटमवर काम.

रिपोर्ट मिळेल का? पैसे लागतात का?

रिपोर्ट नाही. हे संशोधन आहे, तपासणी नाही, आणि आमचा आकडा बघून कोणी गोळी बंद केली किंवा सुरू केली तर ते धोक्याचं होईल. काही फारच वेगळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा असं आम्ही सांगतो. पैसे घेत नाही. सगळं काम एथिक्स कमिटीच्या परवानगीनं चालते, संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत आहे, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवतो. मधेच उठून जायचं असेल तर जा, कारण विचारणार नाही.

मोबाईलनं हे सगळं होणार नाही का?

नाडी मोजता येते, कॅमेऱ्यावर बोट ठेवून. ऑक्सिजनचा भरवसा ठेवू नका, मोबाईलचा फ्लॅश पांढरा असतो आणि कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणजे दुसरा रंगच हातात नाही.

येताना काय काळजी घ्यायची?

मेहंदी, आलता, नेलपॉलिश, हळद लागलेली नसावी, नुकताच कार्यक्रम झाला असेल तर दोन आठवडे थांबून या. कपाळावर मोजायचं असेल तर कुंकू-टिकली तिथंच पुसून देतो आणि जाताना लावायला आरसा आहे. डोक्याला तेल लावून येऊ नका, केस आधीच आमचे दुश्मन, त्यात तेल आलं की प्रोब घसरतो. दोन तास आधीपासून चहा, बिडी, तंबाखू नको. अर्ध्या बाह्यांचा सैल शर्ट किंवा ब्लाउज घाला. आल्यावर पंधरा मिनिटं नुसतं बसायचं आहे, माठातलं पाणी प्यायचं आहे. मग हातावर काळं कापड टाकतो, कारण खिडकीतल्या उन्हातही इन्फ्रारेड असते आणि एवढ्याशा फटीतून आलं तरी तुमच्या रक्ताचा आवाज दबून जातो. मोजमापाला चाळीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ हात हलवायचा नाही. खाज आली तर सांगा, आम्ही खाजवून देतो.